कॅथलिकची नको, दहा आठवड्यांची काळजी कर

प्रश्न : मी इचलकरंजीची, वय २३. कॉम्प्युटरमध्ये बी.टेक. करून दीड वर्ष पुण्यात नोकरी केली. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात डेटा सायन्सच्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय, वर्ग सप्टेंबरात सुरू होतील. पण ते कॅथलिक विद्यापीठ आहे हे कळल्यापासून घरात कुरबुर चालू आहे. आजी माळकरी आहे. ‘पाद्र्यांच्या कॉलेजात कशाला?’ असं ती रोज विचारते. तिथे प्रार्थना, चर्च, धर्माचा विषय यांची सक्ती असते का? न्यू जर्सीचे मामा म्हणतात, दर क्वार्टरला दोनच विषय घे, आरामात होईल. आईच्या मैत्रिणीने नेपरव्हिलला तळघरातली खोली स्वस्तात देऊ केलीय. तिथे राहू का? कर्ज बँकेचं आहे, त्यामुळे इंटर्नशिप आणि नोकरी मिळणं गरजेचं आहे. कुठे चुकू शकतं ते स्पष्ट सांगा.

उत्तर : तुझ्या पत्रात ‘कॅथलिक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि ‘क्वार्टर’, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांचं सत्र, एकदाच, तोही मामांच्या तोंडून. आमच्या मते हे प्रमाण उलटं हवं. तरी घरातली कुरबुर आधी मिटवू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल.

डीपॉल १८९८ साली व्हिन्सेंशियन पंथाच्या धर्मगुरूंनी काढलं. व्हिन्सेंट डी पॉल हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. गोरगरिबांसाठी अन्न, औषधपाणी, अनाथ मुलांचा सांभाळ यांत त्यांचं आयुष्य गेलं. आजीला समजावताना गाडगेबाबांचं नाव घेतलंस तर फार चुकणार नाही. शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांना शिकता यावं म्हणून हे कॉलेज निघालं, आणि १९११ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला. कॅथलिक संस्थांमध्ये त्या काळी ही मोठी गोष्ट होती. आज ते अमेरिकेतलं सर्वांत मोठं कॅथलिक विद्यापीठ आहे. शिकवणारे बहुतेक सगळे साधे प्राध्यापक आहेत, आणि २०१७ पासून अध्यक्षपदावरही धर्मगुरू नाहीत.

एम.एस.ला धर्माचा एकही विषय नाही. प्रार्थनेची सक्ती नाही, हजेरी नाही, पेहरावाचा नियम नाही. भिंतीवर क्रॉस दिसेल, एखाद्या समारंभाची सुरुवात प्रार्थनेने होईल. त्या वेळी शांत उभं राहिलं की झालं. मुस्लिम आणि ज्यू विद्यार्थ्यांसाठीही विद्यापीठाची स्वतंत्र व्यवस्था आहे. बारावीनंतर मुलांना पाठवणाऱ्या पालकांसाठी मात्र एक खुलासा : पदवीच्या सामाईक अभ्यासक्रमात ‘रिलिजस डायमेन्शन्स’ नावाचा गट आहे आणि त्यातले विषय घ्यावेच लागतात. त्यात धर्म अभ्यासाचा विषय म्हणून शिकवतात, दीक्षा म्हणून नाही.

सगळ्या कॅथलिक विद्यापीठांना मात्र एकाच तागडीत तोलू नका. शिकागोपासून साधारण दीडशे किलोमीटरवर नोत्र दाम आहे. तिथली वसतिगृहं मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, प्रत्येकात प्रार्थनागृह आणि एकमेकांच्या वसतिगृहात जायच्या ठरलेल्या वेळा. शिकागोतलंच लोयोला हे जेझुइटांचं, म्हणजे मुंबईचं झेवियर्स ज्यांनी काढलं त्यांचं. डीपॉल शहराच्या मधोमध आहे. बरेच विद्यार्थी नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येतात आणि रात्री आगगाडी पकडून घरी जातात. तिथे तुझ्यावर धर्म लादायला कुणाला फुरसत नाही.

कॅथलिकपणा जिथे खरोखर जाणवतो ती जागा आजीच्या यादीत नसेल, पण तुला माहीत असावी. गर्भनिरोधक साधनं कॅम्पसवर वाटायला विद्यापीठ परवानगी देत नाही. ती बाहेरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात मिळतात. आरोग्य विमा घेताना स्त्रीरोगतज्ज्ञाच्या तपासण्या आणि औषधं त्यात आहेत की नाहीत, हे पॉलिसीचा कागद वाचून ठरव. ‘असेलच’ असं धरून चालू नकोस.

आणि आजीला हेही सांग : तुझे वर्ग जिथे भरतील त्या वाबॅश ॲव्हेन्यूवरून पाच मिनिटं चाललं की आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत येते. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद बोलले ते तिथेच.

आता खरा मुद्दा.

डीपॉलचं वर्ष सेमिस्टरचं नाही, क्वार्टरचं आहे. दहा आठवडे वर्ग आणि अकराव्या आठवड्यात परीक्षा. तुझ्या शाखेचे वर्ग बहुधा संध्याकाळी असतात : आठवड्यातून एकदा, ५:४५ ते ९. दोन विषय घेतले की आठवड्यात दोनच संध्याकाळी कॉलेज. वेळापत्रक पाहून कुणालाही वाटेल, मजा आहे. इथेच पहिल्या क्वार्टरला मुलं आपटतात. सर्दी झाली म्हणून एक संध्याकाळ चुकवलीस तर विषयाचा दहावा हिस्सा गेला. गृहपाठ पहिल्याच आठवड्यात मिळतो, पाचव्याच्या आसपास मिडटर्म, आठव्यापासून प्रोजेक्टची धावाधाव. आपल्याकडे सेमिस्टरचे पहिले दोन महिने ‘अजून वेळ आहे’ म्हणत जातात. तिथे दोन महिन्यांनी निकाल समोर दिसू लागलेला असतो. वर्गातल्या प्रत्येक संध्याकाळीमागे घरी आठ-दहा तास धर. गणित किंवा प्रोग्रामिंग कच्चं असेल तर बारा.

तारखांचा हिशेब असा. विषय बदलायचा असेल तर पहिल्या आठवड्यात. विषय सोडून फी परत हवी असेल तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. त्यानंतर सातव्या आठवड्यापर्यंत सोडता येतो, पण पैसे जातात आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागतो. म्हणजे मिडटर्मचे गुण हातात पडले की लगेच निर्णय घ्यायचा. नेमक्या तारखा दरवर्षीच्या शैक्षणिक कॅलेंडरमध्ये असतात. त्या पहिल्याच दिवशी फोनमध्ये टाक.

मामांच्या सल्ल्यातली मेख इथे आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एम.एस.च्या विद्यार्थ्याला डीपॉलमध्ये दर क्वार्टरला किमान ८ क्रेडिट लागतात. एक विषय साधारण ४ क्रेडिटचा, म्हणजे दोन विषय ही आरामाची नव्हे, अगदी तळाची मर्यादा. त्यातला एक सोडलास की तू ४ वर आलीस आणि व्हिसाची अट मोडली. परवानगी न घेता विषय सोडला तर सेविसमधली, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतली, तुझी नोंद रद्द होऊ शकते. मग प्राध्यापक कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात काही राहत नाही. म्हणून क्रम पक्का ठेव : आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, त्यांची लेखी परवानगी, मगच पोर्टलवर ‘ड्रॉप’चं बटण. इंग्रजी किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीशी सुरुवातीला जमत नसेल तर कमी क्रेडिटची सवलत नियमात आहे, पण ती एका पदवीत एकदाच मिळते आणि तरीही निम्मा भार ठेवावाच लागतो. आजारपणासाठी वेगळी सवलत आहे, तिला डॉक्टरचं पत्र लागतं. ही दोन्ही दारं ती वेळ येण्याआधी माहीत असलेली बरी.

ऑनलाइन विषयांचाही असाच सापळा आहे. एका टर्ममध्ये एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरला जातो. तुझ्या शाखेत बरेच विषय वर्गात आणि ऑनलाइन असे दोन्ही प्रकारे असतात, आणि जानेवारीच्या थंडीत दोन्ही ऑनलाइन घ्यायचा मोह होतो. दोनांतला एक वर्गात बसूनच हवा. नोंदणी करताना विषयाच्या नावाबरोबर तो कुठे भरतो हेही बघ.

मग विषय किती घ्यायचे? समजा तुझ्या पदवीला १२ विषय लागतात. नक्की आकडा तुझ्या प्रवेशाच्या कॅटलॉगमध्ये आहे. दर क्वार्टरला दोन घेतलेस तर सहा क्वार्टर, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या वर्षीचा जून. दर क्वार्टरला तीन घेतलेस तर चार क्वार्टर. मधली उन्हाळी सुट्टी धरून पुढच्या नोव्हेंबरात मोकळी, पण पहिल्याच क्वार्टरला तीन विषय म्हणजे पोहता येत नसताना विहिरीत उडी. आम्ही सुचवू ते असं : पहिल्या शरदात २, हिवाळ्यात ३, वसंतात ३, उन्हाळ्यात इंटर्नशिप, दुसऱ्या शरदात २ आणि हिवाळ्यात २. बारा पूर्ण, मार्चमध्ये पदवी. मामांच्या वेळापत्रकापेक्षा एका क्वार्टरचं भाडं आणि किराणा वाचतो. तीन विषयांच्या क्वार्टरमध्ये एक विषय कोलमडला तरी ८ क्रेडिट शिल्लक राहतात, हा त्यातला खरा फायदा.

त्याआधी एक काम इथूनच कर. डेटा सायन्सला सांख्यिकी, पायथन, लिनिअर अल्जिब्रा असे पूर्वतयारीचे विषय लावले जाऊ शकतात. प्रवेशपत्रात तुझ्यावर त्यातले कुठले लावलेत ते बघ. बी.टेक.ला ते झाले असतील तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची ती पानं स्कॅन करून, गुणपत्रिकेसह, शैक्षणिक सल्लागाराला ई-मेल कर आणि सूट माग. फक्त विषयाचं नाव पाठवून उपयोग होत नाही. प्रकरणांची यादी आणि पाठ्यपुस्तकाचं नाव हवं. सूट न मिळालेला प्रत्येक विषय म्हणजे ४ क्रेडिटची फी आणि वेळापत्रकातली एक जागा. पण तुझी सांख्यिकी खरोखरच विसरली गेली असेल तर सूट मागू नकोस. पुढच्या विषयात त्याचं व्याजासकट भरावं लागतं.

फीची तुलनाही नीट कर. क्वार्टरचं क्रेडिट सेमिस्टरच्या क्रेडिटपेक्षा लहान असतं : ३ क्वार्टर क्रेडिट म्हणजे २ सेमिस्टर क्रेडिट. ४८ क्वार्टर क्रेडिटची पदवी म्हणजे ३२ सेमिस्टर क्रेडिटची. दुसऱ्या विद्यापीठाचा दर क्रेडिटचा भाव बघून ‘डीपॉल स्वस्त’ म्हणणारे हेच विसरतात. पूर्ण पदवीची बेरीज शेजारी शेजारी मांडायची.

बँकेशीही आधीच बोल. आपल्याकडच्या बँकांचे फॉर्म सेमिस्टरच्या हिशेबाने, वर्षात दोन हप्ते धरून छापलेले असतात. तुझी बिलं सप्टेंबर, जानेवारी आणि मार्चअखेर अशी तीनदा येतील. उन्हाळ्यात विषय घेतलास तर चौथं. कर्ज मंजूर होतानाच वर्षाला तीन-चार हप्त्यांची नोंद करून घे, नाहीतर जानेवारीच्या बिलासाठी बाबांना डिसेंबरात शाखेत खेटे घालावे लागतील. बिल थकलं की खात्यावर ‘होल्ड’ लागतो, पुढच्या क्वार्टरची नोंदणी अडते, चांगले वर्ग भरून जातात आणि पुन्हा तोच ८ क्रेडिटचा प्रश्न उभा राहतो.

होल्ड लसीकरणामुळेही लागतो. इलिनॉय राज्याच्या नियमाप्रमाणे कॉलेजात लसींचा दाखला द्यावा लागतो. त्यात एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आहेत, दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर. लहानपणचं कार्ड सापडत नसेल तर जुलैच्या सुरुवातीला पहिला डोस घे, म्हणजे निघण्याआधी दुसरा होईल. धनुर्वाताचा बूस्टरही बघ. दाखला इंग्रजीत हवा. डॉक्टरची सही, शिक्का आणि प्रत्येक डोसची तारीख हवी. ‘सर्व लसी पूर्ण’ एवढंच लिहिलेलं चालत नाही.

राहण्याबद्दल : नेपरव्हिल नको. मैत्रीण कितीही प्रेमळ असली तरी नको. नेपरव्हिल शिकागोपासून पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला. तिथून मेट्रा रेल्वेने युनियन स्टेशन, पुढे वर्गापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालणं. येताना ठीक, पण वर्ग सुटणार रात्री ९ ला आणि तेव्हा गाड्या विरळ. एक चुकली की तासभर बाकावर. शिवाय पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा यू-पास शहराच्या सीटीएच्या बस-गाड्यांवर चालतो, मेट्रावर नाही. भाड्यात वाचलेलं तिकिटात जाईल आणि प्रोजेक्टचे सोबती कायम म्हणतील, ‘ती लवकर निघते.’ पहिला आठवडा तिथे राहा, भांडीकुंडी घे, मग शहरात ये.

दुसरी चूक म्हणजे ‘कॅम्पसजवळ’ म्हणून लिंकन पार्कला घर घेणं. डीपॉलचे दोन कॅम्पस आहेत. लिंकन पार्क हा झाडीतला आणि महागड्या वस्तीतला. तुझे वर्ग मात्र लूपमध्ये, म्हणजे शहराच्या व्यापारी पेठेत. तुला जवळ हवी ती सीटीएची रेड लाइन ही रेल्वे. ती रात्रभर चालते आणि तिचं जॅक्सन स्टेशन तुझ्या इमारतीच्या अगदी जवळ आहे. त्याच लाइनवर उत्तरेला अपटाउन, एजवॉटर, रॉजर्स पार्क इथे लिंकन पार्कपेक्षा कमी भाड्यात खोल्या मिळतात. लोयोला स्टेशनवरून १५५ नंबरची बस डेव्हन ॲव्हेन्यूवर जाते. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, कडीपत्ता, पोहे सगळं तिथे. पर्पल लाइनची एक्स्प्रेस गाडी लूपपर्यंत फक्त गर्दीच्या वेळी येते, तेव्हा तिच्या भरवशावर घर घेऊ नकोस. रात्री चालकाच्या डब्यात बस आणि कानात इअरफोन नको. दाराशी बसून फोन हातात धरणं ही तर हिसकावणाऱ्याला दिलेली हाक आहे.

घर पाहताना विचारायच्या दोन गोष्टी. ‘हीट’ भाड्यात आहे का? जुन्या विटांच्या इमारतींत वाफेचे रेडिएटर असतात आणि त्यांचा खर्च बहुतेकदा मालकाचा असतो. नव्या इमारतीत गॅसचं बिल तुझं, आणि जानेवारीतलं ते बिल पाहून भाडं स्वस्त होतं की नव्हतं ते कळतं. मालक गरम करत असेल तर शहराच्या नियमाने १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घर दिवसा किमान ६८ फॅरनहाइट आणि रात्री ६६ ठेवायला तो बांधील आहे. आपल्या हिशेबात २० आणि १९ अंश. कमी पडलं तर शहराच्या ३११ या नंबरवर तक्रार करायची. दुसरं, अनामत आहे की ‘मूव्ह-इन फी’? शिकागोत बरेच मालक अनामतीऐवजी ही फी घेतात आणि ती परत मिळत नाही. आणि न पाहिलेल्या घरासाठी इथून पैसे पाठवू नकोस. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं म्हणणारा मालक भामटा असतो. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला घर प्रत्यक्ष बघायला सांग आणि व्हिडिओ कॉलवर नळ सोडून, खिडकी उघडून दाखवायला लाव. भाडेकरूचा विमा स्वस्त असतो, तो घे. आपल्या फोडणीने धूरसूचक बोंबलतो. पंखा आधी लावायचा, सूचकाची बॅटरी काढायची नाही.

थंडीचे कपडे पुण्यात घेऊ नकोस. आतले थर्मल इथले चालतात, पण गुडघ्यापर्यंतचा पिसांचा कोट आणि पाणी न शिरणारे बूट तिथे ऑक्टोबरात घे. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३१ सेल्सियसला गेला होता. रोज तसं नसतं, पण तळ्यावरून येणारा वारा रोज असतो. फलाटांवर दिव्यांचे हीटर असतात, त्यांचं बटण दाबावं लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तू वर्गाला निघशील तेव्हा काळोख झालेला असेल. सकाळी उठून उन्हात अर्धा तास चालायची सवय ऑक्टोबरातच लाव.

आता नोकरी. कॅम्पसवर वर्ग चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. इलिनॉयचं किमान वेतन २०२५ पासून तासाला १५ डॉलर, म्हणजे कर कापण्याआधी आठवड्याला किमान ३००. यात किराणा आणि फोन निघेल, फी निघणार नाही. बँकेच्या हिशेबात हा आकडा धरू नकोस. ही कामं लगेच मिळतातच असंही नाही. कॅम्पसबाहेर दुकानात रोखीवर काम, कितीही ओळखीचं दुकान असलं, तरी करायचं नाही. त्याने व्हिसा जातो.

इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, लागतं, आणि ते एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच. शरद, हिवाळा, वसंत असे तीन क्वार्टर. म्हणजे पहिला उन्हाळा तुला मिळतो, पण इथे क्वार्टर पुन्हा आडवा येतो : वसंत क्वार्टर जूनच्या मध्यावर संपतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या इंटर्नशिप मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला चालू होतात. ऑफर आल्याबरोबर ‘माझं विद्यापीठ क्वार्टरवर चालतं, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू होता येईल का’ असं विचार. नॉर्थवेस्टर्न आणि शिकागो विद्यापीठही क्वार्टरवरच आहेत, तेव्हा शहरातल्या कंपन्यांना हे नवं नाही. न विचारता मे महिन्याची तारीख मान्य करायची आणि मग प्राध्यापकांकडे परीक्षा लवकर घ्या म्हणून रडायचं, हे दरवर्षी कुणीतरी करतं. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झालं तर त्या पदवीचं ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, जातं, हेही लक्षात ठेव. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही.

पुढच्या उन्हाळ्याची भरती आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. म्हणजे तू विमानातून उतरून तीन आठवडे झालेले असताना. एका पानाचा बायोडाटा, पुण्याच्या नोकरीतलं काम आकड्यांत मांडलेला, फोटो आणि जन्मतारीख वगळून, इचलकरंजीतच तयार कर. उतरल्या आठवड्यात विद्यापीठाच्या करिअर सेंटरला दाखव. पदवीनंतरच्या ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मार्चमध्ये संपवणार असशील तर डिसेंबरातच कर. ओपीटी बारा महिने, त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही. तुझी शाखा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरली जाते, त्यामुळे पुढे २४ महिने वाढतात, पण कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली हवी. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा अशा प्रत्येक पायरीआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयालाच विचार. व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

एक कडू गोष्ट. इंजिनिअरिंगला जर्नलं उतरवायची जी सवय आपल्या सगळ्यांना लागते, ती विमानतळावर टाकून जा. मैत्रिणीला ‘फक्त बघायला’ दिलेला कोड तिने जसाच्या तसा भरला, तर चौकशी दोघींची होते. प्रोग्रामची तुलना सॉफ्टवेअर करतं, आणि चलांची नावं बदलून ते फसत नाही. चर्चा फळ्यावर करा, कोड आपापल्या घरी लिहा.

सणांचं म्हणशील तर गणपती बहुधा क्वार्टर सुरू होण्याच्या आसपास येतात आणि दिवाळी मिडटर्म ते परीक्षा यांच्या मध्ये कुठेतरी. सुट्टी नसते. त्या दिवशी परीक्षा असेल तर पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना ई-मेलने विचार. आदल्या रात्री विचारलं तर नाहीच म्हणतील. महाराष्ट्र मंडळ शिकागो जुनं आणि उत्साही आहे. मंदिरं मात्र, लेमाँटचं असो की ऑरोराचं बालाजी, उपनगरांत आहेत आणि तिथे सीटीए जात नाही. नेपरव्हिलच्या मावशींची गाडी इथे कामाला येईल.

थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत जवळजवळ सहा आठवडे वर्ग नसतात. घरी यायचं असेल तर तिकीट ऑगस्टमध्येच काढ, डिसेंबरात भाव चढतात. प्रवासाआधी आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) आंतरराष्ट्रीय कार्यालयाची प्रवासाची सही घ्यायला विसरू नकोस. तिथेच राहिलीस तर या काळात कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं, पण यू-पास क्वार्टरच्या मधल्या सुट्टीत बंद असतो. तेवढे पैसे बाजूला ठेव.

आजीला फोनची वेळ आत्ताच सांगून ठेव. तुझा वर्ग रात्री ९ ला सुटेल तेव्हा इचलकरंजीत सकाळचे साडेसात वाजलेले असतील. घरी पोचून, जेवून फोन करशील तोवर तिची पूजा आटोपलेली असेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तुझा फोन एक तास उशिरा येऊ लागेल. ती तारीख तिच्या कॅलेंडरवर आधीच गोल करून दे.